पहाटेची धाव, गावाची वाट



छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर, पैठण तालुक्यातील पाचोड हे बाजारपेठेचे गाव आहे. मोसंबीच्या व्यापारामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झालेले आहे. या मार्गाने दिवस उजाडण्यापूर्वी प्रवास करणाऱ्यास मराठवाड्यातील अनेक गावांप्रमाणे येथेही एक दृश्य पाहावयास मिळते. अंधुक प्रकाशात, वाहनांच्या दिव्यांच्या झोतात, रस्त्याच्या कडेने तरुण मुले धावत असतात. कोणाच्या पायात बूट असतात, कोणाच्या पायात शाळेतले जुने कॅनव्हासचे जोडे. कोणी हातातील घड्याळाकडे पाहून वेळ मोजतो, तर कोणी पुढे धावणाऱ्या मित्राच्या पावलाशी पाऊल जुळवतो.

ही मुले हौसेखातर धावत नाहीत. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीस ५० गुण असतात. पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर, महिला उमेदवारांना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. त्याच्या जोडीला गोळाफेक असते. सैन्यभरतीतही १.६ किलोमीटरची धाव ही एक मोठी कसोटी होय. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत ज्या घराचे वर्ष कधी पिकते तर कधी करपते, त्या घरात या धावेतील चार-दोन सेकंदांना फार मोठी किंमत असते. म्हणूनच गावोगावची मुले कोणीही न सांगता पहाटे साडेचारला उठतात.

महामार्गाची कड

या मेहनतीची एक बाजू अत्यंत दुःखद आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी पहाटे बीड–परळी मार्गावर घोडका राजुरी गावाजवळ पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावत असलेल्या तरुणांना बसची धडक बसली आणि त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. ज्या वयात घराला हातभार लागावयाचा, त्याच वयात तीन घरांतील दिवे मालवले. अपघाताची कारणे शोधणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. परंतु ही मुले महामार्गावर का धावत होती, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्यापुरता विचारावा असा आहे.

त्याचे उत्तर सोपे आहे. गावातील गल्ल्या अरुंद असतात, शिवारातील वाटा पावसाळ्यात चिखलाने भरतात आणि शाळेचे मैदान लहान असते. डांबरी महामार्ग तेवढा सपाट, मोकळा आणि किलोमीटरच्या दगडांनी मोजलेला असतो. मुलांची निवड चुकीची असली तरी तिच्यामागील गरज खरी आहे. नुसत्या मनाईने ही गरज भागणार नाही. गावाने त्यांच्यासाठी सुरक्षित, अचूक मोजलेली आणि मन रमेल अशी दुसरी वाट निश्चित करून दिली पाहिजे. क्रीडासंकुलासाठी जागा, निधी आणि मंजुरी लागते, व त्यात वर्षे जातात. वाट मात्र एका हंगामात तयार होऊ शकते. पाचोडच्या परिसराला तर अशा वाटांचे मोठे वैभव लाभलेले आहे.

धावण्याची जुनी परंपरा

धावणे ही शहरातून आलेली नवी हौस आहे, असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. आषाढी वारीत पालखीच्या रिंगणामध्ये अश्वामागे वारकरी धावतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात वेळापूरजवळ उतारावरून ‘धावा’ होतो आणि वृद्ध माणसेही त्या क्षणी वय विसरतात.

आधुनिक खेळातही पहिले पाऊल खेड्यातील माणसानेच टाकले. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे बहुतेक स्पर्धक शेतकरी होते आणि ते अनवाणी धावत होते. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना त्यांची क्षमता पाहून आश्चर्य वाटले. त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारताचा संघ गेला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळविला. साताऱ्याचे सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत उतरले होते. अँटवर्पची ती शर्यत आजच्या ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनपेक्षाही थोडी लांब, म्हणजे ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्या या पहिल्या भारतीयांना पक्की धावपट्टी कोणी बांधून दिलेली नव्हती. त्यांचा सराव मातीच्या वाटांवरच झालेला होता.

आपल्या मराठवाड्याचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी घरापासून सुमारे सहा किलोमीटर दूर असलेल्या शाळेत चालत व धावत जात असत. पुढे ते सैन्यदलात दाखल झाले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी रौप्यपदक, तर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. शाळेची वाट हेच त्यांचे पहिले मैदान होते.

ज्या वाटांवरून आज मुले धावतात, त्यांपैकी कित्येक वाटांमागेही एक कहाणी आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील लाखो स्त्रीपुरुषांनी खडी फोडून, माती वाहून रस्ते आणि पाझर तलाव तयार केले. त्या अनुभवातून रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली व १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. आजोबा-आजींनी भुकेच्या दिवसांत घातलेल्या रस्त्यावर नातवंडांनी उमेदीने धावावे, यात एक प्रकारचे समाधान आहे.

परिसरातील चार वाटा

पाचोडच्या तरुणांसाठी चार प्रकारच्या वाटांचा विचार करता येईल. पहिली वाट रोजच्या सरावासाठी, तर उर्वरित तीन आठवड्यातील एखाद्या दिवशी लांब धावण्यासाठी आहेत.

पहिली वाट शिवाराची. गावाबाहेर पडणाऱ्या पाणंदीपैकी वाहनांची वर्दळ कमी असलेली एक पाणंद निवडावी आणि त्यावर १,६०० मीटरचे अंतर टेपने अचूक मोजून घ्यावे. दर २०० मीटरवर चुन्याने रंगविलेला दगड रोवावा. भरतीची तयारी करणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. या वाटेच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा असतील तर आंबिया बहाराच्या दिवसांत पहाटेच्या हवेत फुलांचा जो सुगंध भरून राहतो, त्याची सर कोणत्याही शहरातील उद्यानाला येणार नाही.

दुसरी वाट पाण्याची. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब असून तिला २७ दरवाजे आहेत. या धरणातून निघणारा डावा कालवा गोदावरीच्या डाव्या तीराला धरून पैठण तालुक्याच्या दक्षिण पट्ट्यातून पूर्वेकडे जातो आणि पुढे जालना व परभणी जिल्ह्यांतील शेतीला पाणी देतो. त्याची लांबी २०८ किलोमीटर आहे. कालव्याच्या बाजूचा सेवारस्ता सपाट, सरळ व बहुधा निर्मनुष्य असतो. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस-कपाशीची शेते आणि समोर उगवता सूर्य, असा हा मार्ग आहे. येथे धावण्यास मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

तिसरी वाट गोदाकाठची. पैठणहून पूर्वेस सुमारे बारा किलोमीटरवर आपेगाव आहे. संत ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आणि परंपरेनुसार स्वतः ज्ञानेश्वरांच्या जन्माचे हे गाव. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला आली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पैठण ते आपेगाव हे अंतर धावून पार करणाऱ्या मुलामुलींना ती कथा पुस्तकातल्यापेक्षा अधिक जवळची वाटेल. आपेगाव व हिरडपुरी येथील उच्च पातळी बंधाऱ्यांमुळे गोदापात्रात आता पाणी साठते आणि हिवाळ्यात या काठावर पक्ष्यांची वर्दळ असते.

चौथी वाट प्रत्यक्ष पैठण नगरीची. पाचोड ते पैठण हे अंतर एका पूर्ण मॅरेथॉनपेक्षा कमी आहे; परंतु तेवढे धावण्याची आवश्यकता नाही. रविवारी सकाळी एस.टी.ने पैठणला जावे आणि तेथे पाच-सहा किलोमीटरची फेरी करावी. गोदातीरावरील संत एकनाथ महाराजांचे समाधी मंदिर, नागघाट, तीर्थस्तंभ, गावातील नाथांचा वाडा, ‘पालथी नगरी’ म्हणून ओळखला जाणारा प्राचीन वसाहतीचा भाग आणि बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तू संग्रहालय ही स्थळे अशा फेरीत जोडता येतात. सातवाहनांची ही राजधानी प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात या नगरीचा उल्लेख असून भडोच बंदरापासून ती वीस दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगितले आहे. येथून गाड्यांवर लादून अकीक दगड भडोचला जात असे आणि तो माल मोठ्या प्रमाणात, रस्ते नसलेल्या प्रदेशातून न्यावा लागे, अशीही नोंद त्यात आहे. पैठणची गोष्ट त्या काळापासून वाटांशी जोडलेली आहे. आजही फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या यात्रेसाठी, मराठवाड्याच्या गावोगावच्या दिंड्या पायी पैठणची वाट चालतात.

नाथसागराच्या काठी मुक्कामाला येणाऱ्या रोहित, चक्रवाक आदी पक्ष्यांमुळे १९८६ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरणाच्या भिंतीवर सुरक्षेच्या कारणास्तव मुक्त प्रवेश नसतो. त्यामुळे तेथे धावण्याचा आग्रह धरू नये.

सुंदर वाट सुरक्षितही हवी

महामार्ग टाळला म्हणजे सर्व धोके टळले, असे मात्र नाही. कालव्याचा सेवारस्ता सार्वजनिक रस्ता नसून जलसंपदा विभागाच्या देखरेखीसाठी आहे. म्हणून प्रथम विभागाची लेखी परवानगी घ्यावी आणि आवर्तन केव्हा सुटणार, याची माहिती कालवा निरीक्षक व पाटकऱ्यांकडून नियमित मिळेल अशी व्यवस्था करावी. अस्तर केलेल्या कालव्याच्या तिरप्या बाजूवर शेवाळ धरते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वाहत्या पाण्यातून त्यावर चढून येणे अवघड जाते. त्यामुळे हातपाय धुण्यासाठी कालव्यात उतरू नये, एकट्याने धावू नये आणि पाण्याकडील कडेपासून दूर राहावे, हे नियम कसोशीने पाळले पाहिजेत.

गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. त्यांच्या मागे दिवा नसेल तर अंधारात त्या दिसतही नाहीत. ज्या रस्त्यावरून ऊस जातो, तो रस्ता त्या काळात धावण्यासाठी वर्ज्य समजावा. जेथे काही अंतर वाहनांच्या रस्त्यावरून जाणे अपरिहार्य असेल, तेथे समोरून येणारे वाहन दिसेल अशा रीतीने उजव्या कडेने, एकामागे एक धावावे. अंगात पांढरा किंवा फिकट रंगाचा सदरा असावा आणि त्यावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असावी. कानात गाणी वाजत असतील तर मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा ऐकू येत नाही. ही सवय मोडली पाहिजे.

मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात पायाला गोळ्यासारखी चिकटते. निवडलेल्या पाणंदीवर मुरूम टाकून दबाई करणे, बाजूने चर काढून पाण्याचा निचरा करणे ही कामे म्हणूनच पावसाळ्यापूर्वी व्हावीत. मुरमाची वाट डांबरापेक्षा मऊ असल्याने नडगी व गुडघ्यांवरील ताणही कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा सूर्य वर येण्यापूर्वी सराव संपवावा आणि वाटेच्या दोन्ही टोकांना पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवावेत.

मुलींचा हक्क

या साऱ्या विचारात मुलींचे स्थान कोठे आहे? गावातील मुलगे महामार्गावर का होईना, धावू शकतात. मुलींना मात्र अंधारात घराबाहेर पडण्याचीच परवानगी नसते. पोलीस दलात महिलांसाठी जागा राखीव असूनही सरावाला जागा नसेल, तर त्या राखीव जागांचा लाभ खेड्यातील मुलीपर्यंत पोहोचणार कसा?

पाचोडच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. येथील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने किशोरवयीन मुलींचे आरोग्य, जीवनकौशल्यांचे शिक्षण आणि विवाहाचे वय लांबविणे या विषयांवर परिसरातील गावांत दीर्घकाळ काम केलेले आहे. मुलीचे शरीर सशक्त व्हावे आणि तिचे लग्न लवकर उरकले जाऊ नये, ही त्या कामामागील दिशा आहे. धावण्याची सुरक्षित वाट ही त्याच दिशेने टाकलेले पाऊल ठरेल. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला, हे उदाहरण प्रत्येक पालकसभेत सांगितले जावे.

त्यासाठी मुलींच्या सरावाची वेळ उजाडल्यानंतरची ठेवावी. वाट गावाच्या दृष्टीच्या टप्प्यात असावी. एखादी शिक्षिका, आशा सेविका किंवा बचत गटातील महिला पाळीपाळीने उपस्थित राहिल्यास पालकांचा विश्वास वाढेल. सराव सुरू करण्यापूर्वी आरोग्य केंद्रात मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण तपासून घ्यावे. पंडुरोग असताना कठोर सराव केल्यास चक्कर येणे, धाप लागणे असे त्रास होतात आणि दोष मात्र धावण्याला दिला जातो.

साताऱ्याचा अनुभव

ऐतिहासिक स्थळाच्या सान्निध्यातील धावमार्गाने एखाद्या गावाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण साताऱ्यात पाहावयास मिळते. अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन शर्यत होते. कास पठाराकडे जाणाऱ्या या रस्त्याने २१ किलोमीटर धावण्यासाठी दूरदूरचे लोक तेथे येतात. त्यांच्यामुळे खाणावळी, वाहनचालक, फळविक्रेते यांना काम मिळते. स्पर्धेचा एक दिवस संपल्यानंतरही साताऱ्याची माणसे वर्षभर त्या घाटात धावत राहतात. त्या उपक्रमाचे खरे यश यातच आहे.

पाचोड–पैठण परिसराने साताऱ्याची नक्कल करावी, असे नाही. येथे डोंगर नाही, गोदाकाठची सपाटी आहे; किल्ला नाही, दोन हजार वर्षांची नगरी आहे. आधी गावच्या मुलांची रोजची वाट तयार व्हावी आणि ती नीट रुजल्यावरच पाहुण्यांना बोलवावे. फलक, टी-शर्ट आणि ध्वनिक्षेपक यांवर एका दिवसात जो खर्च होतो, तेवढ्यात एका पाणंदीवर पुरेसा मुरूम पडतो. तीर्थक्षेत्री धावताना यात्रेकरूंच्या दर्शनात व्यत्यय येऊ नये. प्राचीन टेकाडांवरून खापराचा तुकडाही उचलू नये. नाणे किंवा मणी आढळल्यास ते शासनाकडे जमा करावे. ही शिस्त शाळेनेच मुलांना लावली पाहिजे.

कोणी काय करावे

पहिली जबाबदारी ग्रामसभेची. धावमार्ग निश्चित करण्याचा ठराव ग्रामसभेत व्हावा आणि त्या बैठकीला धावणाऱ्या मुलामुलींना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. पाणंदीच्या दुतर्फा असलेल्या शेतकऱ्यांची संमती हा नाजूक विषय आहे. अनेक पाणंदी दोन्ही बाजूंनी नांगरून अरुंद झालेल्या असतात आणि बांधाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तलाठी व गावातील ज्येष्ठ मंडळींनी नकाशा समोर ठेवून सामोपचाराने हा प्रश्न सोडवावा. धावणाऱ्यासाठी मोकळी झालेली पाणंद शेतकऱ्याच्या बैलगाडीला आणि मोसंबीच्या टेम्पोलाही उपयोगी पडते, हे लक्षात आले म्हणजे विरोध मावळतो.

दुसरी जबाबदारी शाळेची. क्रीडाशिक्षकांनी अंतर मोजावे, दर पंधरवड्यास वेळेची नोंद एका वहीत ठेवावी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मार्गावरील स्थळांची माहिती मुलांना सांगावी. तिसरी जबाबदारी पोलीस ठाणे व महामार्ग यंत्रणेची. जोवर पर्यायी वाट तयार होत नाही, तोवर पहाटेच्या वेळी गावाजवळ वेगमर्यादेचे फलक आणि गस्त असणे आवश्यक आहे. चौथी जबाबदारी तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांची. जलसंपदा, पुरातत्त्व, वन व क्रीडा या विभागांच्या परवानग्यांसाठी सरपंचाला चार कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, म्हणून तहसील कार्यालयात एकाच बैठकीत निर्णय व्हावा.

या कामास मोठी योजना लागत नाही. एक पाणंद, काही गाड्या मुरूम, आठ रंगविलेले दगड, दोन माठ आणि लक्ष ठेवणारी चार जबाबदार माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पुढील भरतीची जाहिरात निघेल तेव्हा पाचोडची मुले-मुली वाहनांच्या दिव्यांपासून दूर, आपल्याच शिवारातील वाटेवर सराव करीत असावीत आणि सराव आटोपून प्रत्येकजण सुखरूप घरी परतावा, एवढे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीने या वर्षी स्वीकारावे.